प्रवाशाच्या पानात कोकण का नाही?

रत्नागिरीत येणारा प्रवासी दोन दिवसांत पुष्कळ काही पाहतो. थिबा राजवाडा पाहतो, रत्नदुर्गावरून समुद्र न्याहाळतो, पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचे दर्शन घेतो, गणपतीपुळ्याच्या वाळूत पाय भिजवतो आणि परतताना आंब्याची पेटी नाही तर कोकम सरबताची बाटली गाडीत ठेवतो. या मुक्कामात त्याची चार-पाच जेवणे आणि दोन-तीन न्याहाऱ्या होतात. त्या कशाच्या होतात, याची चौकशी कोणी फारशी करीत नाही. केलीच, तर उत्तर बहुधा ठरलेले असते. सकाळी इडली, पोहे किंवा पाव-ऑम्लेट. दुपारी पनीरचा लालभडक रस्सा आणि तंदुरी रोटी. मासे खाणारा असेल तर 'मालवणी थाळी', म्हणजे सुरमईची वा पापलेटची एक तुकडी, वाटीभर कालवण आणि कोठे कोठे बिटाच्या रंगाचा संशय यावा अशी सोलकढी. यातील पनीर त्याला नाशिकला मिळाले असते, थाळी ठाण्याला मिळाली असती. मग परत गेल्यावर तो सांगतो, की कोकण सुंदर आहे, पण तेथे खाण्याचे हाल होतात.

हे विधान ऐकून आपल्याला राग येतो. परंतु रागावण्यापूर्वी ते खरे आहे की नाही, हे पाहिले पाहिजे. आणि प्रवाशापुरते ते बरेचसे खरे आहे. ज्या उपाहारगृहात तो पनीर खात बसलेला असतो, त्याच्या मागच्या आळीत त्याच दिवशी काय शिजत असते, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. फाल्गुन-चैत्रात तेथे ओल्या काजूगरांची उसळ असते, कोवळ्या फणसाची कुयरीची भाजी असते. वैशाखात बरक्या फणसाच्या रसाची सांदणे उकडली जातात, आठळ्या भाजीत पडतात, रायवळ आंब्यांचे रायते होते आणि अंगणात आंब्याची साठे वाळत असतात. मृगाचा पाऊस पडला, की टाकळा, भारंगी, कुरडू, अळू अशा भाज्यांची रांग लागते. या भाज्या कोणी पेरीत नाही आणि त्यांना बाजारभावही धड नसतो. श्रावणात हळदीच्या पानांतले पातोळे होतात, भाद्रपदात उकडीचे मोदक होतात, आणि त्याच सणात जिल्ह्यातल्या कित्येक घरी गौरीला तिखटाचा नैवेद्य दाखवतात.

पुन्हा हे सारे एका घरातले नव्हे. कुणब्याच्या घरी नाचणीची भाकरी, वरीचा भात, कुळथाची पिठी आणि आगोटीच्या आधी भरून ठेवलेली सुकी मासळी. खारवी आणि भंडारी यांच्या घरी बांगडा, पेडवे, सौंदाळे, मुळे, कुर्ल्या. ज्या दिवशी जे जाळ्यात किंवा हातात लागेल ते. चित्पावनांच्या घरी मेतकूट-भात, डाळिंब्यांची उसळ, आमसुलाचे सार. कोकणी मुसलमानांच्या घरी तांदळाची रोटी आणि नारळाच्या रसातले कालवण. सांदण हे नाव तर ब्राह्मणाच्या घरी आणि कोकणी मुसलमानाच्या घरी दोन्हीकडे ऐकू येते. एकीकडे त्यात फणस पडतो, दुसरीकडे नारळ, आणि दोन्ही उकडली जातात वाफेवरच. इतिहासाच्या पुस्तकात न सापडणारा शेजार अशा पदार्थांत सापडतो. या सर्वांतून प्रवाशापर्यंत काय पोहोचते? सोलकढी, आणि तीही रंगाने.

या अन्नाला बाजारात धड नावही नाही. १ मे १९८१ रोजी जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. मुंबईच्या हॉटेलांनी मालवणी हे नाव आधीच लोकप्रिय केलेले होते. परिणामी रत्नागिरी, गुहागर, दापोली येथेही पाटीवर 'मालवणी' लिहिल्यावाचून मासे विकले जात नाहीत, असा समज हॉटेलवाल्यांनी करून घेतला. मालवणच्या स्वयंपाकाबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. तो उत्तम आहे. पण रत्नागिरीने आपले अन्न दुसऱ्याच्या नावाने विकावे, आणि विकताना ते खरोखरच दुसऱ्याचे करून टाकावे, हे चमत्कारिक आहे.

असे का झाले, याचे एक कारण इतिहासात आहे. या जिल्ह्यात अन्न विकण्याची परंपराच क्षीण होती. येथे परका येई तो कोणाचा तरी पाहुणा म्हणून येई, आणि पाहुण्याकडून पैसे घ्यायचे नसतात. ज्याचा येथे कोणी नसे, त्याने कोणाच्या पंक्तीला बसावे हा जातीचा प्रश्न होता. तो किती अवघड होता, हे याच शहराला चांगले ठाऊक आहे. स्थानबद्धतेच्या काळात सावरकरांना येथे सहभोजने घडवून आणावी लागली आणि १९३३ साली सर्व जातींना खुले असे अखिल हिंदू उपाहारगृह मुद्दाम काढावे लागले. चहाचा कप कोणी कोणाच्या हातचा घ्यावा, यासाठी जेथे चळवळ करावी लागते, तेथे खाद्यव्यवसाय सहजासहजी रुजत नाही. पुढे ती जागा उडुप्यांनी भरून काढली, आणि पंजाबी पदार्थ त्यानंतर आले. त्यांनी कोणाला हुसकावले नाही. जागा रिकामीच होती.

कोकणी जेवणाला प्रथम किंमत पडली ती कोकणाबाहेर, मुंबईच्या गिरणगावात. रत्नागिरी जिल्ह्याने मुंबईला माणसे पाठवली आणि मनिऑर्डरींवर संसार चालवला, हे आपण शाळेपासून ऐकतो. त्या माणसांना तेथे दोन वेळा जेवू कोण घालीत होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. परळ-लालबागच्या चाळींत, एका खोलीत, गिरणी कामगारांचे डबे आणि ताटे लावणाऱ्या खानावळवाल्या बायका ते काम करीत होत्या. वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज यांत त्या बुडालेल्या असत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा या बायका स्वयंपाक करतात म्हणजे उद्योग करतात, हे कागदावर मान्य झाले. १९८२ च्या संपाने गिरणगाव मोडले आणि त्या खानावळींचे गिऱ्हाईकही मोडले. पण गावचे जेवण नेमाने, रोज, वाजवी दराने विकता येते, हे त्यांनी सिद्ध करून दाखवले होते. तो धडा गावाकडे परत आला नाही.

दुसरे कारण अर्थशास्त्रातले आहे. हॅरोल्ड हॉटेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२९ साली एक निबंध लिहिला. (वर्गात हे नाव घेतले की विद्यार्थी हसतात आणि हॉटेलांचा धडा म्हणून तो त्यांच्या लक्षात राहतो, हा फायदाच म्हणायचा.) त्याचा मुद्दा असा, की स्पर्धा करणारे दोन दुकानदार एकमेकांपासून दूर न जाता एकमेकांशेजारी येऊन बसतात, कारण मधले गिऱ्हाईक कोणालाच सोडवत नाही. जागेबाबत जे घडते तेच मालाबाबतही घडते, आणि त्याचे उदाहरण म्हणून सफरचंदाच्या सायडरचा गोडवा सगळीकडे एकसारखा होऊ लागल्याचे त्याने नमूद केले होते. महामार्गावरच्या दहा हॉटेलांची दहा मेनूकार्डे शेजारी ठेवून पाहिली, तर हा सिद्धान्त तेथे छापूनच ठेवल्यासारखा वाटतो. प्रत्येकाला सरासरी प्रवाशाला धरायचे आहे, आणि सरासरी प्रवासी कोणत्याच गावचा नसतो.

जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० सालचा निबंध जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी प्रसिद्ध आहे. त्याबद्दल त्यांना पुढे २००१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्या निबंधात महामार्गावरच्या खाणावळींविषयीही एक निरीक्षण आहे, ते फारसे कोणी वाचीत नाही. वाटेवरचे गिऱ्हाईक परके असते, त्याला स्थानिक चांगले-वाईट कळत नाही, म्हणून ते ओळखीच्या नावाकडे जाते. स्थानिक माणूस मात्र आपल्या पसंतीची जागा शोधून काढतो. आपल्या प्रवाशाचे वर्तन नेमके असेच आहे. 'कुळथाची पिठी' हे शब्द त्याला काहीच सांगत नाहीत. 'पनीर बटर मसाला' हे शब्द फसवणार नाहीत एवढी हमी देतात. तो अरसिक आहे म्हणून पनीर मागवतो असे नव्हे. मुलेबाळे बरोबर आहेत, भूक लागली आहे आणि पैसे मोजलेले आहेत, म्हणून तो धोका टाळतो. हॉटेलवालाही धोका टाळतो. हा प्रवासी पुन्हा येणार नाही हे त्याला माहीत असते, आणि दहा पाने पिठीची मांडून सात उरली, तर तोटा त्याचा.

आता तिसऱ्या आणि माझ्या मते खऱ्या कारणाकडे येऊ. हे अन्न आपण इतकी वर्षे स्वस्त मानत आलो, कारण त्यात पडणारे श्रम आपण कधी मोजलेच नाहीत. ओल्या काजूगरांची उसळ घ्या. बी फोडून गर काढताना तिच्या चिकाने हाताची कातडी निघते. वाटीभर गरासाठी एका बाईची सकाळ जाते. फणस कापायचा तर हाताला, विळीला तेल लावून बसावे लागते, आणि नंतरचे आवरणे निराळेच. कोकमाची आमसुले करताना साले त्याच फळाच्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून पुन्हा पुन्हा वाळवावी लागतात. एकवीस मोदकांसाठी तांदूळ धुऊन, वाळवून, दळून आणलेले पीठ घरात आहे असे धरले, तरी नारळ खोवणे, सारण शिजवणे, उकड काढून मळणे, पारी करणे आणि उकडणे यांत सहज अडीच तास जातात. या अडीच तासांना आपण 'हौस' म्हणतो. गणपतीत मोदक करणाऱ्या बाईला हौस असेलही. परंतु जून ते मार्च रोज मोदक करणाऱ्या बाईला मजुरी पाहिजे.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीत घरातल्या स्वयंपाकाला स्थान नाही, हे वाणिज्य शाखेचा विद्यार्थीही जाणतो. २०१९ सालच्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत बिनमोबदल्याच्या घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर तसे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे खर्च करतात, असे आढळले. ही २९९ मिनिटे कोणाच्याच जमाखर्चात येत नाहीत. घरचा माल बाजारात मांडायची वेळ आली, की हा न मांडलेला आकडा आडवा येतो. खरी मजुरी धरून काजूगरांच्या उसळीची किंमत सांगितली, तर प्रवासी म्हणतो, 'एवढ्याशा भाजीला?' आणि ती बाई ओशाळून दर उतरवते, किंवा तो पदार्थ करायचेच सोडून देते. पनीरच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तेथे दूधवाल्यापासून आचाऱ्यापर्यंत प्रत्येकाने आपला दाम आधीच घेतलेला असतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो हलका नाही. प्रवाशांना खाऊ घालायच्या नादात आपलेच खाणे महाग होईल, असे पुष्कळांना वाटते. माशांच्या बाबतीत हे होऊन चुकले आहे. प्रत्येक थाळीत सुरमई वा पापलेटच पाहिजे, या हट्टाने दोन-तीन जातींवर सारा भार पडला आणि मिरकरवाड्याच्या बंदरापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या कारकुनाच्या ताटातून त्या जाती निघून गेल्या. २०२३ साली महाराष्ट्राने रुपेरी पापलेटला राज्यमाशाचा मान दिला, तोही त्याची घटती संख्या लक्षात घेऊन. जून-जुलैत यांत्रिक नौकांना समुद्रात बंदी असते, मासे अंडी घालतात. त्या दिवसांतही प्रवासी ताजी सुरमई मागतो आणि हॉटेलवाला बर्फातली सुरमई ताजी म्हणून वाढतो. दोघांनाही परस्परांची फसवणूक मान्य असते. मात्र या आक्षेपाचे उत्तर प्रवाशाला दूर ठेवण्यात नाही. त्याला बांगडा, पेडवे, मुळे खायला शिकवले आणि पावसाळ्यात सुक्या मासळीचे कालवण नाही तर टाकळ्याची भाजी पुढे ठेवली, तर भार पसरतो आणि ज्या मालाला भाव नव्हता त्याला भाव येतो. टाकळा महाग झाल्याने रत्नागिरीत कोणी उपाशी राहणार नाही.

शासनाने काही केले नाही असे म्हणता येणार नाही. पर्यटन विकास महामंडळाची 'निवास व न्याहारी' योजना घरगुती मुक्कामासाठीच आहे. पण तिच्यातला निवास नोंदला गेला आणि न्याहारी मोकळी राहिली. घावन, आंबोळी, मऊ भात जेथे सहज व्हावेत, तेथे यजमानही पाहुण्याच्या भीतीने पाव-ऑम्लेट करतो. २०१६ साली सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला, २०१८ साली हापूसला भौगोलिक निर्देशन मिळाले. ही चांगली गोष्ट झाली. त्यामुळे फळाचे नाव राखले गेले, पण फळाचे सार करणारे हात तेथे कोठेच नाहीत. बाटलीतले सरबत प्रवासाला निघते. आमसुलाचे सार मात्र ज्या चुलीवर होते तेथेच प्यावे लागते.

बाहेर पाहिले तर दोन उदाहरणे डोळ्यांसमोर येतात. जपानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रेल्वे स्थानकांवर 'एकिबेन' नावाचे डबे विकले जातात, आणि ज्या त्या स्थानकाचा डबा त्या त्या प्रांताच्या मासळीचा, भाताचा, लोणच्यांचा असतो. लोक डब्यासाठी गाडी निवडतात असेही सांगतात. आपली कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावत आहे. रोह्यापासून मंगळूरच्या अलीकडील ठोकूरपर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटरांत किती स्वयंपाकघरे ओलांडली जातात याचा अंदाज तिच्या फलाटांवरून येत नाही. दुसरे उदाहरण जवळचे, केरळातले. तेथे १९९८ साली सुरू झालेल्या कुटुंबश्री योजनेतील स्त्रियांच्या गटांनी ठिकठिकाणी उपाहारगृहे चालवली आहेत. तेथे गावचेच जेवण मिळते आणि दराच्या पाटीमागे कोणा उदार गृहिणीची हौस नसून गटाचा हिशेब असतो.

आपल्याकडे बचतगट आहेत, आणि ते दिवाळीत चकल्या करतात, प्रदर्शनात पापड मांडतात. टिकाऊ माल विकण्याची सवय त्यांना लागली आहे. ताजे अन्न विकण्यासाठी जागा, पाणी, परवाना आणि पहिल्या सहा महिन्यांचा तोटा सोसण्याइतके खेळते भांडवल लागते. जिल्हा सहकारी बँकेने, नगरपरिषदेने आणि रेल्वेने प्रत्येकी यांतली एकेक गोष्ट दिली तरी पुष्कळ होईल. छापील मेनूकार्डाची गरज नाही. ओल्या काजूच्या दिवसांत उसळ आणि मुळे मिळालेल्या दिवशी मुळे, असे खडूने फळ्यावर लिहिले की पुरे. पदार्थाच्या नावाखाली तो कशाचा आहे हे एका ओळीत सांगितले, तर अकरलॉफसाहेबांच्या परक्या गिऱ्हाइकाचीही भीती निम्म्याने कमी होईल.

प्रवाशाकडूनही थोडी अपेक्षा आहे. त्याने खुर्चीवर बसताच सुरमई आहे का असे न विचारता आज काय आहे असे विचारावे. घावन तव्यावरून उतरेपर्यंत पंधरा मिनिटे थांबावे. मे महिन्यात आंब्यासाठी तो येतोच. एकदा जुलैत यावे, रस्ते चिखलाचे असले तरी. आणि वाटीभर उसळीची किंमत ऐकून घासाघीस करण्यापूर्वी, ते गर काढणाऱ्या बाईची बोटे पाहता आली तर पाहावीत.

राहता राहिला दराचा प्रश्न. उद्या रत्नागिरीच्या फलाटावर केळीच्या पानात बांधलेला भात, आमसुलाची चटणी, सुक्या जवळ्याची किंवा फणसाची भाजी आणि एक पातोळा असा डबा विकायला आला, तर तो वडापावापेक्षा बराच महाग असेल आणि त्यावर वर्तमानपत्रांत तक्रारीची पत्रेही येतील. तो दर अधिकाऱ्यांच्या समितीने ठरवू नये. पहाटे चार वाजता उठून नारळ खोवणाऱ्या बायकांना समोर बसवून, त्यांचे तास मांडून, त्यांनाच तो ठरवू द्यावा.